धार, कपार आणि पुण्याची शर्त

माझ्या पोराचं पक्कं मत आहे की डोंगराचा शोध पुण्याच्या लोकांनी लावला. तोंडानं तो तसं म्हणत नाही, पण दर पावसाळ्यात त्याचे फोटो येतात. कमरेला पट्टा, पाठीवर हे एवढं बोचकं, दोन हातांत दोन काठ्या आणि मागं एखादा किल्ला ढगात तोंड लपवून उभा. फोटोखाली लिहिलेलं असतं, 'स्वतःच्या शोधात'. मागंपुढं दीडशे माणसांची रांग दिसते. एवढ्या गर्दीत ज्याला त्याला नेमका स्वतःचाच माणूस सापडतो का, ही आपली माझी एक शंका.

मी एकोणतीस वर्षं नर्स होते. नोकरी मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एका उपकेंद्रात. वर डोंगरावर वीसेक घरांची वस्ती होती आणि तिला रस्ता नव्हता. महिन्यातून एकदा लसीचा निळा डबा खांद्याला अडकवायचा, आत बर्फाच्या चार पिशव्या, आणि नाल्यानाल्यानं वर चढायचं. आधी धार लागायची, म्हणजे धबधबा. धारेच्या वर कपार, म्हणजे डोंगराच्या पोटातली गुहा. कपारीच्या वर टोक, आणि टोकाच्या पलीकडं वस्ती. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, एवढंच डोक्यात. याला आम्ही ट्रेकिंग म्हणत नव्हतो, लसीकरणाचं सत्र म्हणत होतो. सत्राला जाताना माझा फोटो कधी कोणी काढला नाही. एकदा अहवाल उशिरा दिला म्हणून खुलासा मात्र मागवला होता.

आता मी रिटायर आहे. पोराचे वडील जाऊन सहा वर्षं झाली. बुलढाण्यात दोन खोल्यांचं घर आहे, दारात कडुनिंब आहे, रविवारी विहारात बायकांचा गोतावळा आहे. सकाळी फिरायला शेजारच्या आपा असतात. त्या उर्दू शाळेत हेडमास्तरीण होत्या आणि अजून रस्त्यावरच्या माणसांना वर्गातल्यासारखं दटावतात. थोडक्यात, मला काही कमी नव्हतं. कमी पडत होतं ते माझ्या पोराला. त्याला म्हणे आई कमी पडत होती.

तीन वर्षं दर रविवारी त्याचा फोन यायचा आणि शेवट ठरलेला असायचा : "आई, चल ना पुण्याला." पुण्याला काय आहे? अकरावा मजला आहे. खाली बाग आहे आणि बागेत सकाळी सात वाजता म्हातारी माणसं गोल उभी राहून, कोणी विनोद केलेला नसताना, हात वर करून हसतात. मी नर्स आहे, अशा लक्षणांची नावं मला माहीत आहेत. मी म्हणायची, "नाही बाप्पा, मले नाही जमत." तो म्हणायचा, "बरं, पुढच्या वेळी." पुढच्या रविवारी परत तेच.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात मी ओट्यापाशी पाय घसरून पडले. काही मोडलं नाही. दंड काळानिळा झाला, एवढंच. पण आपांनी तिसऱ्या दिवशी पोराला फोन करून सांगितलं, आणि सांगताना बहुतेक मला तिरडीवर बांधूनच सांगितलं असावं, कारण पोराचा आवाज तेव्हापासून बदलला. पोळ्याला जोडून सुट्टी आली तसा तो बायकोला घेऊन हजर झाला.

जेवताना त्यानं विषय काढला. "आई, तुला आता एकटीनं झेपत नाही."

"काय झेपत नाही बे? नाव घेऊन सांग. सैपाक झेपत नाही का भांडण झेपत नाही?"

"आपल्या दारातल्या चार पायऱ्या चढताना तू दोनदा थांबलीस. मी पाहिलं."

आता खरं म्हणजे मी थांबले होते. डावा गुडघा तीन आठवड्यांपासून सुजला होता. पण कोणी आपल्याला पाहत असेल आणि मोजत असेल, तर माणसाला राग येणारच. मी म्हटलं, "ज्या डोंगरावर तुले पोटात घेऊन चढली ना मी, त्याच्यावर आजही चढून दाखवीन. तुह्या काठ्याबिठ्या घेऊन मांगून ये."

तो माझाच पोरगा. लगेच म्हणाला, "लाव शर्त."

शर्त अशी ठरली : धार, कपार, टोक, तिन्ही करायचं आणि दिवस मावळायच्या आत परत गाडीपाशी. बसायचं तितक्या वेळा बसावं, पण कोणाचा हात धरायचा नाही. जमलं नाही तर दिवाळीच्या आधी सामान बांधून पुण्याला. जमलं तर तो पुण्याचा विषय काढणार नाही.

इथं थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी जीभ कधी वेळेवर थांबली आहे? मी म्हटलं, "काढणार नाही असं नाही. कधीच काढायचा नाही. सण असो, दुखणं असो, कधीच."

"कधीच नाही," तो म्हणाला, आणि त्यानं ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं. आमच्या कुटुंबाचा ग्रुप म्हणजे आम्हीच तिघं, तिघंही त्याच ताटांसमोर बसलेले. सुनेनं अंगठा पाठवला. मीही पाठवला.

सकाळी दोघं तयार झाले तेव्हा मला वाटलं, हे हिमालयाला निघाले. माझ्यासाठी पुण्याहून बूट आणले होते, एकेक असा जड की पायात घातल्यावर मी दरवाजापर्यंतच ट्रेक केला. ते काढून गाडीत टाकले आणि माझी पावसाळी सँडल घातली. काठीऐवजी छत्री. सून गुणी आहे, तिनं माझी सगळी औषधं, मीठ-साखरेच्या पुड्या आणि ईसीजीची फाईलसुद्धा पिशवीत घेतली होती. डोंगरावर ईसीजी कोणाला दाखवायचा होता कोणास ठाऊक. मी मात्र न्हाणीघरात गुपचूप दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या, गुडघ्याला बँडेज गुंडाळलं आणि वरून सलवार चढवली. एखाद्या पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला सात पिढ्यांसकट झापलं असतं.

राजूरचा घाट उतरून पायथ्याला गाडी लावली. नाल्याची वाट मला पाठ होती. तरोटा कमरेएवढा वाढलेला, दगड ओले, पाणी मध्येच वाटेवर येऊन परत नाल्यात उतरणारं. पोराच्या मनगटावर घड्याळ होतं, ते दर थोड्या वेळानं टुणटुण वाजायचं आणि तो मान हलवून म्हणायचा, "आपण चांगले चाललोय." म्हणजे घड्याळ वाजलं नसतं तर आपण चालतोय हे त्याला कळलं नसतं. मी गप्प होते. तोंड बंद ठेवून चढलं की दम पुरतो, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही.

धार दिसायच्या आधी धारेचं गाणं ऐकू आलं. म्हणजे पाण्याचं नाही. कोणीतरी स्पीकर आणला होता. माझ्या काळी इथं गाई पाणी प्यायच्या आणि मी चूळ भरून डबा जरा सावलीत ठेवायची. आता पन्नास-साठ पोट्टे धारेखाली उड्या मारत होते. 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे' अशी पाटी लावलेली होती आणि तिच्यावर त्यांच्या ओल्या पँटी वाळत होत्या. पाटीचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा. सुनेनं माझा धारेसमोर फोटो काढला. मी हसावं म्हणून ती तीनदा हसून दाखवत होती. मी त्या वेळात गुडघ्याला विश्रांती दिली.

धारेच्या बाजूनं कपारीची चढण. इथं गुडघ्यानं पहिल्यांदा आपलं मत सांगितलं. मी दोन ठिकाणी 'ही बघा रानहळद' म्हणून थांबले. त्यातली एक खरंच रानहळद होती.

कपारीपाशी पुण्याच्या पाहुण्यांचं ज्ञान उतू चाललं. फोनमध्ये कोणीतरी लिहिलं होतं की ही गुहा पांडवांनी एका रात्रीत कोरली. आमच्या विहारातल्या बायका म्हणतात ते भिक्खूंचं लेणं आहे. कुठलीही पोकळी दिसली की माणसाला आत कोणीतरी मोठं राहून गेल्यासारखं वाटतं. मी एकोणतीस वर्षं आत डोकावत होते, मला तिथं फक्त शेळ्या दिसल्या. त्या दिवशीही शेळ्याच होत्या, आणि शेळ्यांचा मालक, चाळिशीचा माणूस. त्यानं मला निरखून पाहिलं.

"तुमी त्या सुईवाल्या बाई ना?"

मला बरं वाटलं. पोराकडं एक नजर टाकून मी म्हटलं, "हाव."

"माह्या दंडावर गाठ राह्यली ना अजून," तो बाही वर करत म्हणाला. "लय जोरात टोचलं होतं तुमी."

"ती खूण सगळ्याइलेच राहते, बापू," मी म्हटलं. पोरगा आणि सून हसून हसून दगडावर बसले. एकोणतीस वर्षांच्या सेवेचं हे माझं प्रमाणपत्र, आणि तेसुद्धा तक्रारीच्या रूपात.

कपार ते टोक हा शेवटचा टप्पा, आणि त्यात एक कमरेएवढा दगड आडवा आहे. तो चढल्याशिवाय वाट नाही. त्या दगडाचा मी रात्रभर विचार केला होता. गोळ्यांचा असर उतरला होता. गुडघ्यात कोणी तापलेली सळई फिरवत असावं तसं होत होतं आणि डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून मी वर ढगांकडं बघत होते. पोरगा आधी वर चढला. वळला. त्यानं हात पुढं केला. मग त्याला शर्त आठवली आणि हात मागं घेतला.

मला तो हात धरायचा होता. हे मी आज लिहू शकते. त्या वेळी मी म्हटलं, "बाजूले हो, वारा अडवून राह्यला," आणि दगडाला पाठ लावून, दोन्ही हात मागं टेकून, ढुंगण वर ओढून बसले, मग एकेक पाय हातानं उचलून वर घेतला. डबा खांद्याला असताना अशीच चढायची मी. तेव्हा बघायला कोणी नसायचं. सुनेनं मागून टाळ्या वाजवल्या. पोरानं वाजवल्या नाहीत. तो माझ्या गुडघ्याकडं बघत होता.

टोकावर आता शासकीय सौंदर्य आहे. लोखंडी कठडा, सिमेंटचं बाकडं आणि माणसाएवढ्या लाल अक्षरांत या जागेवर आपलं प्रेम असल्याचं लिहिलेलं. प्रेमाचं एक अक्षर वाऱ्यानं पडलं होतं. पलीकडची वस्ती केव्हाच उठून खाली रस्त्याला गेली, तिथं आता कोणी राहत नाही. पण कठड्यापलीकडं पाहिलं की बोलती बंद होते. हिरव्या वावरांचे तुकडे, मध्ये नळगंगेचं पाणी, आणि पार टोकापर्यंत ढगांच्या सावल्या सरकत चाललेल्या. नोकरीत असताना मला हे पाहायला कधी वेळ मिळाला नव्हता.

सून फोटो काढायला पलीकडं गेली. पोरगा माझ्याशेजारी बाकड्यावर बसला. मग म्हणाला, "आई, शर्त जरा बाजूला ठेव. उन्हाळ्यात तू पडलीस, ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. तेही आपांकडून. मधले दोन दिवस मी काय करत होतो माहितीये? तुला सकाळी फुलांचे फोटो पाठवत होतो. तू पण उलट फुलं पाठवत होतीस. पुढच्या वेळी पडलीस तर मला कोण सांगणार?"

तो पुण्याबद्दल बोलत नव्हता. तो घाबरला होता. पस्तीस वर्षांचा, डोक्यावरचे केस पातळ झालेला माझा पोरगा घाबरून माझ्याकडं बघत होता, आणि त्याला फक्त एवढंच ऐकायचं होतं की मला कळतंय.

मी म्हटलं, "पडली तं आवाज येईन ना बे. पुण्यापर्यंत ऐकू येईन एवढी जाड आहो मी."

तो हसला. आमच्या घरात विनोदाला हसायची शिस्त आहे, माझीच लावलेली. हसून झाल्यावर तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "चल, उतरायचं आहे अजून." मला त्याच क्षणी कळलं होतं की मी चुकले. पण चूक कळणं वेगळं आणि ती तोंडानं कबूल करणं वेगळं. दुसरं मला आयुष्यात कधी आलं नाही. मी छत्री उचलली आणि त्याच्या मागं निघाले.

उतरताना कपारीखालच्या शेवाळावर पोराचा बूट सटकला. इतका वेळ शुद्ध पुणेरी चाललेलं, पण घसरताना "माय वं!" असंच निघालं तोंडातून. त्यानं माझा हात धरला, तो थेट पायथ्यापर्यंत सोडला नाही. माझ्या हाताची शर्त होती, त्याच्या हाताचं काही ठरलं नव्हतं. त्याच्या वजनानं माझ्या गुडघ्याचं काय झालं ते सांगत नाही, पण मी तो हात सोडवून घेतला नाही. गाडी दिसल्यावर त्यानंच सोडला. दिवस अजून हातभर वर होता.

"जिंकलीस," तो म्हणाला. ग्रुपवर लिहिलं, 'आई जिंकली. विषय बंद.' सुनेनं फुलं पाठवली.

पुढचे पंधरा दिवस मी गुडघा शेकत घरात पडून होते. आपांना सांगितलं, ताप आहे. आणि तरीही मी इतकी खुश होते की भेटेल त्याला सांगत होते : पासष्टाव्या वर्षी, हात न धरता, तिन्ही केलं.

पोरानं शब्द पाळला. रविवारी फोन यायचा. बीपी किती, गॅस संपला का, पाऊस आहे का तिकडं. मग तो थांबायचा. मीही थांबायची, नेहमीची ती जागा मोकळी ठेवून. तो म्हणायचा, "बरं, ठेवतो." पहिल्या रविवारी मला वाटलं, विसरला. दुसऱ्या रविवारी वाटलं, चिडला. पण तो चिडला नव्हता, आवाज अगदी नॉर्मल होता.

दिवाळीत दोघं आले. चार दिवस राहिले, गोडधोड खाल्लं. निघताना दरवर्षी तो गाडीपाशी घुटमळायचा आणि म्हणायचा, "चल ना गं, बस गाडीत, आहे तशी." आणि मी हातातलं फडकं त्याच्या अंगावर उगारायची. या वेळी त्यानं पाया पडून जयभीम केला, आरसा नीट केला आणि गाडी सुरू केली. फडकं माझ्या हातात होतं. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकातच उभी होते.

आता आमच्याकडची एक रीत आहे. पाहुण्याच्या पहिल्या 'नाही'ला आमच्या वऱ्हाडात कोणी 'नाही' धरत नाही. तो निघतो म्हणाला की बसा म्हणायचं. नको म्हणाला की त्याची पिशवी उचलून आतल्या खोलीत ठेवायची. तरी उठला तर त्याच्या चपला लपवायच्या. पाहुणाही तेवढं होईपर्यंत वाट बघतो, कारण चपला लपवल्याच नाहीत तर त्याला घरी जाऊन बायकोला सांगायची लाज वाटते. मी पोराला तीन वर्षं नाही म्हणत होते ते याच रीतीनं. त्यानं विचारायचं, मी नाही म्हणायचं, त्यानं परत विचारायचं. मला वाटलं, हे त्यालाही माहीत आहे. आणि मग मीच, भरल्या ताटासमोर बसून, त्याच्याकडून कबूल करून घेतलं की परत कधीच विचारायचं नाही.

शेवटी मी हे आपांना सांगितलं. त्या रस्त्यातच थांबल्या.

"सिस्टर, मना बी तुमीच केलं, अन् आता रुसून बी तुमीच राह्यल्या. पोट्टं काय करन मंग?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पुण्याला मला जायचं नाही. आजही नाही. अकराव्या मजल्यावर मी आठवडाभरात वेडी होईन, आणि त्या हसणाऱ्या म्हाताऱ्यांना तर एका दिवसात वेडं करीन. पण कोणीतरी आपल्याला न्यायला बघतंय आणि आपण ऐटीत नाही म्हणतोय, यावर माझा सगळा आठवडा निघत होता. त्याचं विचारणं गेलं तेव्हा कळलं, मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.

या वर्षी पाऊस स्थिरावला, धारेला पाणी आल्याचं कळलं, तसा मी स्वतःहून फोन लावला. रविवारची वाट पाहिली नाही.

"काऊन, आई? बरी आहेस ना?" तो घाबरलाच.

"बरी आहो. म्हटलं, पोळ्याले ये. परत चढू. धार, कपार, टोक. शर्त बी तीच." माझं सगळं ठरलं होतं. कपारीपर्यंत जायचं, शेळ्यांजवळ एखादा दगड बघून बसायचं, आणि म्हणायचं, बाप्पा, आता नाही होत माह्यानं, धर माहा हात. मग हरायचं. मग दिवाळीपर्यंत त्याच्याशी भांडत बसायचं.

तो हसला, अगदी मनापासून. "अगं, आता कशाला शर्त? मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो, माझी आई पासष्टाव्या वर्षी तो दगड चढली. खरं सांगू? त्या दिवशीपासून तुझी काळजीच गेली माझी. मी आता एकदम निर्धास्त आहे."

मला बोलायचं होतं. मी गोळ्या घेतल्या होत्या रे, पंधरा दिवस झोपून होते, तुझा हात मला धरायचा होता, हे सगळं ओठापर्यंत आलं होतं.

"हाव," मी म्हटलं. "चढतोच ना मी."

"मग काय तर!" तो म्हणाला. नंतर त्यानं गॅसचं विचारलं. आहे म्हटलं. जयभीम म्हणाला आणि फोन ठेवला.